खत कमी पडलं की मातीत अडकलं?

नत्र, स्फुरद, पालाश हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. स्फुरदाने मुळं वाढतात, दाणे भरतात, हेही मुलं पेपरात बरोबर लिहितात. पण शेतात टाकलेलं स्फुरद पुढे जातं कुठे? यवतमाळच्या शाळेत हा प्रश्न शिकवलाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या वणी-मुकुटबन भागात चुनखडक आहे. काळ्या जमिनीतही खोदलं की ठिकठिकाणी चुनखडीचे पांढरे खडे निघतात. अशा जमिनीचा सामू ७ च्या वर असतो. डीएपीतलं स्फुरद पाण्यात सहज विरघळतं. पण या मातीत त्याला कॅल्शिअम भेटतं आणि कॅल्शिअम फॉस्फेट तयार होतं. काही स्फुरद चुनखडीच्या कणांना चिकटून बसतं. दिवस जातात तसं ते आणखी घट्ट होतं. मुळांना ते सहजी घेता येत नाही. डीएपीच्या ५० किलोच्या पिशवीत २३ किलो स्फुरद असतं, पण पहिल्या हंगामात त्यातला थोडाच भाग पिकाला मिळतो. पैसे मात्र पूर्ण पिशवीचे लागतात. पऱ्हाटी वाढेना म्हणून आणखी एक पिशवी आणली, तर खर्च वाढतो, अडचण तिथेच राहते.

हाच चुना तलावात मात्र कामी येतो. वाहून आलेलं स्फुरद तो गाळात धरून ठेवतो, त्यामुळे शेवाळाला खाद्य कमी मिळतं. म्हणजे चुना वाईट नाही, त्याचा स्वभाव ओळखायला हवा.

वर्गात हे सोपं आहे. मुलांना शेतातले पांढरे खडे आणायला सांगा. त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले की चुना आहे. मग घरची मृदा आरोग्य पत्रिका वाचायला लावा. तिथे ‘उपलब्ध स्फुरद’ लिहिलेलं असतं. मातीतलं सगळं स्फुरद वेगळं आणि पिकाला मिळण्याजोगं वेगळं, हा फरक त्या एका शब्दात आहे.

पालकांनो, खत फेकण्याऐवजी बियाण्याजवळ, पण थोडं खाली-बाजूला पेरून द्या. कुजलेलं शेणखत आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू वापरा. मात्रा माती परीक्षणावरून कृषी सहायकांना विचारून ठरवा. आणि पिशवी घ्यायच्या आधी पोराने “बाबा, पत्रिका पाहिली का?” असं विचारलं, तर त्याला गप्प बसवू नका. विज्ञानाचा तास तिथे कामी आला म्हणायचा.