जाडी मोजा, मग दाब ठरवा

रत्नागिरीजवळच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीत मासळीवर प्रक्रिया होते. मासळी गोठवणाऱ्या कारखान्यांत आणि बर्फाच्या कारखान्यांत थंडाव्यासाठी सर्रास अमोनिया वापरला जातो. तो पोलादी पाइपांतून फिरतो. पाइप किती दाब सोसेल, हा हिशेब अभियंत्याचा. पण तो चुकला तर डोळे, घसा आणि फुप्फुसे होरपळतात ती कामगारांची आणि शेजारच्या वस्तीची.

या हिशेबाचे सूत्र इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांच्या नावाने ओळखले जाते. पोलादाचा सुरक्षित ताण गुणिले भिंतीची जाडी, त्याची दुप्पट, भागिले बाहेरचा व्यास. चार इंची पाइपाचा बाहेरचा व्यास 114.3 मिलिमीटर, जाडी सुमारे 6 मिलिमीटर. सुरक्षित ताण 1380 बार धरला, तर उत्तर 145 बार येते. अमोनिया यंत्रणेतला दाब उन्हाळ्यातही साधारण 13-14 बार असतो. दसपट सवड दिसते आणि तिथेच गाफीलपणा शिरतो.

ही जाडी नव्या पाइपाची. कोकणातला खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस ती खात असतो. थंड पाइपावरच्या आवरणाला चीर पडली की आत दव साचते आणि पोलाद नजरेआड गंजते. जाडी 1 मिलिमीटर उरली, तर उत्तर 24 बारवर येते; अर्धा मिलिमीटर उरली, तर 12 बारवर. वीज जाऊन यंत्रे बराच वेळ बंद राहिली, तर एरवी कमी दाबाच्या थंड पाइपांतही दाब चढतो. 30 अंशांना तो 10 बार ओलांडतो. वाकणे, वेल्डिंगचे सांधे आणि व्हॉल्व्ह यांचा विचार तर वेगळाच करावा लागतो.

भिंतीची जाडी मोजणारे अल्ट्रासोनिक यंत्र हातात मावते, पाइप कापावा लागत नाही. दर पावसाळ्यानंतर ठरलेल्या जागी, आवरण उघडून, जाडी मोजावी. तारखेसह नोंद ठेवावी आणि सर्वांत पातळ जागेवरून दाब पुन्हा काढावा. सुरक्षा झडपाही तपासाव्यात. गळती झाल्यास वाऱ्याच्या वाटेतून बाजूला होणे आणि डोळे किमान 15 मिनिटे पाण्याने धुणे, हे कामगारांना आणि गावकऱ्यांनाही ठाऊक हवे. कारखाना उभारतानाच्या कागदावरचा आकडा आजच्या पाइपाला लागू होत नाही, हे मालकांनी आणि तपासनिसांनी वेळीच ओळखावे.