पंखा जळतो, मेमो कामगाराला

एप्रिल उजाडला की भुसावळ, नागपूर, इटारसीच्या पट्ट्यात सॉर्टिंग हॉल असो की रेल्वेची शेड, एकच रड ऐकू येते : पंखा जळाला. मग चौकशी सुरू होते, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'शिफ्ट संपल्यावर पंखा चालू ठेवून कोण गेले?'

साथींनो, आमचा सवाल वेगळा आहे. छताचा पंखा अखंड चालण्यासाठीच बनवलेला असतो. नुसता चालू राहिला म्हणून तो जळत नाही. बेअरिंगमधले ग्रीस सुकते, कपॅसिटर उतरतो, मोटारीवर धुळीचा थर बसतो, व्होल्टेज पडते, तेव्हा मोटार तापते. पाते अडकले तर प्रवाह वाढतो आणि मोटारीला गार ठेवणारा वाराही थांबतो. वाइंडिंगचे इन्सुलेशन ठराविक तापमानापर्यंतच टिकते. बी वर्गाची मर्यादा 130 अंश सेल्सिअस आहे. त्यापुढे दर 10 अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ हिशेब इलेक्ट्रिशियन मंडळींना पाठ आहे.

'एमसीबी आहे ना!' असे उत्तर आम्हांला मिळते. हे उत्तर अपुरे आहे. 75 वॉटचा पंखा 230 व्होल्टवर सुमारे 0.3 अँपियर घेतो. अडकून दुप्पट प्रवाह घेऊ लागला तरी पाऊण अँपियर होत नाही. 6 अँपियरच्या एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. एमसीबी वायरिंग वाचवतो, पंख्याची मोटार नव्हे.

मोटारीचे रक्षण करतो तो वाइंडिंगला चिकटून बसवलेला थर्मल प्रोटेक्टर. एक प्रकार एकदाच तुटतो व बदलावा लागतो. दुसरा गार झाल्यावर आपोआप जोडला जातो. म्हणूनच बंद पडलेल्या पंख्याला आधी स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका. थ्री फेजच्या मोठ्या एक्झॉस्टला ओव्हरलोड रिले हवा, तोही नेमप्लेटवरच्या प्रवाहाला लावलेला, आणि एक फेज गेल्यास मोटार तोडणारा सिंगल फेज प्रिव्हेंटरही हवा. रिले वारंवार पडतो म्हणून सेटिंग वाढवणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणे होय.

प्रत्यक्षात काय होते? रिवाइंडिंगचे काम सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला जाते, आणि प्रोटेक्टर परत न बसवता तारा थेट जोडल्या जातात. खाली टपालाच्या थैल्या, कागद, सुतळी. वर तापलेली मोटार. हा केवळ घामाचा प्रश्न नाही, आगीचाही आहे. कामाच्या जागी हवा खेळती ठेवण्याची जबाबदारी 1948 च्या कारखाना कायद्याने कलम 13 मध्ये मालकावर टाकली होती. ती मेमो लिहून कामगारावर ढकलता येणार नाही.

आमच्याही हातून चुका होतात. गुणगुणणारा पंखा काठीने ढकलून सुरू करण्याची सवय सोडली पाहिजे. जळका वास आला, वेग मंदावला, तर पंखा बंद करावा आणि रजिस्टरमध्ये तारीख-वेळेसह तक्रार नोंदवावी. चौकशीत तीच नोंद आपल्या बाजूने बोलेल.

शाखांनी प्रशासनापुढे तीन मागण्या ठेवाव्यात : उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक पंख्याची सफाई व तपासणी, रिवाइंडिंगच्या करारात प्रोटेक्टरची स्पष्ट अट, आणि मोटार का जळाली हे तपासल्याशिवाय कोणालाही मेमो नाही.

मोटारीला संरक्षण मागताना आम्ही माणसाचेच संरक्षण मागत आहोत.