पदकांची पूजा आणि पटांगणांचा बळी

सन २०२५ च्या नोव्हेंबरच्या २ तारखेस नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेच्या संघास ५२ धावांनी नमवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा नवी मुंबईत जो आनंदाचा पूर लोटला त्यात आम्हीही यथेच्छ न्हालो. त्या संघात सांगलीची स्मृती मानधना होती. तीनच दिवसांपूर्वी त्याच क्रीडांगणावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढणारी मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज होती. अभिमान वाटू नये तर काय वाटावे? परंतु जयघोष ओसरल्यावर एक अप्रिय प्रश्न विचारणे आम्हांस प्राप्त आहे. ज्या नगरीत हा विजय झाला, तिने आपल्या मुलांच्या खेळण्याच्या जागेचे काय केले?

त्याचे उत्तर घणसोलीस मिळते. तेथील २० एकर जागा २००३ साली शासकीय क्रीडासंकुलासाठी मुक्रर झाली होती. पुढे २०१६ साली सिडकोने तिचा काही भाग बांधकामासाठी खाजगी विकासकास दिला, आणि २०२१ साली शासनाने ठरविले की, संकुल रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात न्यावे. अंतर सुमारे ११५ किलोमीटर! शाळेतून आल्यावर दप्तर टाकून मुलाने माणगावास खेळावयास जावे व दिवेलागणीस घरी परतावे, असा हिशेब ज्यांनी केला त्यांच्या गणितास आमचा दंडवत असो. वास्तुविशारदांच्या संस्थेने दाद मागितली, म्हणून २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. बाकीचे नागरिक त्या वेळी कोठे होते?

पदक हे आकाशातून पडत नाही. त्यासाठी कोणास तरी आधी झीज सोसावी लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीस कुस्तीत कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांस गहाण टाकले. अर्जुन पुरस्कार मात्र खाशाबांच्या नावे झाला तो १९८४ साली त्यांचे निधन झाल्यावर कित्येक वर्षांनी! महाराष्ट्राच्या वाट्यास असे दुसरे पदक यावयास पुढे बहात्तर वर्षे लागली. २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारा राधानगरी तालुक्याचा स्वप्निल कुसळे २००९ पासून शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला होता. पेरणी व कापणी यांत पंधरा वर्षे गेली. मैदानच नसेल तर पेरावयाचे कोठे?

कोणी म्हणतील, 'आम्ही संसारी माणसे. शासनाने चूक केली तर तिचा दोष आमच्या माथी का?' दोष आहे, आणि तो आम्ही स्वतःसही लावून घेतो. घर घेताना आपण स्टेशन किती मिनिटांवर आहे ते विचारतो, गाडी ठेवावयास जागा आहे की नाही ते विचारतो; मुलांनी खेळावे कोठे, हे विचारीत नाही. इमारतीच्या आवारात 'येथे खेळण्यास मनाई आहे' अशी पाटी आपल्याच सभेत, आपल्याच मताने लागते. मुलगी दहावीत गेली की तिची बॅट माळ्यावर जाते, आणि त्याच रात्री दूरदर्शनसमोर बसून दुसऱ्याच्या मुलीच्या षटकारास आपण टाळ्या वाजवितो. प्रत्येक मुलाने पदक आणावे असा आमचा हट्ट नाही. त्यास रोज तासभर धावता यावे, एवढाच आहे.

सत्कार, मिरवणुका, बक्षिसे यांस आमचा विरोध नाही; ती विजेत्यांनी कमावलेली असतात. परंतु आपल्या प्रभागाच्या नकाशावर खेळासाठी राखलेली जागा कोणती व आज तिच्यावर काय उभे आहे, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा जाऊन पाहावे, आणि जाब विचारावा. खर्डेकरांनी एका विद्यार्थ्याच्या खेळासाठी आपले घर गहाण टाकले. आम्ही आपल्या घरांसाठी हजारो मुलांचा खेळ विकू देत आहोत.