कॅम्पलाही मेट ब्रीफिंग हवं

हवाई दलाच्या ट्रेनिंग कमांडचं मुख्यालय आपल्या हेब्बाळला आहे. हवाई दलात उड्डाणाचा दिवस हवामानाच्या माहितीने सुरू होतो. ढग किती उंचीवर आहेत, वारा कुठून वाहतोय, दुपारी काय होण्याची शक्यता आहे, हे ऐकल्याशिवाय वैमानिक विमानाकडे जात नाही. याला मेट ब्रीफिंग म्हणतात. एनसीसीच्या एअर विंगच्या कॅडेटना तर हवामानशास्त्र अभ्यासालाच असतं. आणि आपण चाळीस मुलं तंबू घेऊन डोंगराच्या पायथ्याशी मुक्कामाला जातो तेव्हा फॉल-इनमध्ये काय सांगितलं जातं? पाण्याची बाटली, टॉर्च, तुमचा बडी कोण, जेवण किती वाजता. आकाशाबद्दल एक वाक्यसुद्धा नाही. माझं म्हणणं असं की प्रत्येक कॅम्पवर हे काम एका कॅडेटच्या नावावर असावं, आणि त्याने बोलावं तेव्हा त्याचं ऐकलं जावं.

महाराष्ट्रातून इथे आलेल्या मुलांची एक खास अडचण आहे. आपल्या डोक्यातलं पावसाचं वेळापत्रक घरचं असतं. मृग लागला की सुरू, गणपती गेले की ओसरता. बेंगळुरूला ते लागू पडत नाही. इथे जुलैपेक्षा सप्टेंबरात जास्त पाऊस पडतो आणि ऑक्टोबरही काही कमी नसतो. एप्रिल-मेमध्ये वळीव असतोच. बरं, या पावसाची पद्धत फसवी आहे. सकाळ निरभ्र, दोन वाजेपर्यंत कडक ऊन, मग ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे वर वर फुगत जातात आणि चार-पाचच्या सुमाराला गडगडाट. माझी आजी हस्त नक्षत्राच्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हणते. इथला ऑक्टोबर तसाच असतो. म्हणजे सकाळी निघताना आकाश बघून ‘छान आहे’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही. दुपारी बघायला हवं, आणि दुपारी आपण तंबूच्या खुंट्या ठोकण्यात गुंग असतो.

गेल्या ऑक्टोबरात नंदी हिल्सच्या बाजूला आमचा कॅम्प होता तेव्हा हेच झालं. रस्त्याच्या कडेला एका शेतकऱ्याने मका वाळत घातला होता. तीनच्या सुमाराला तो आणि त्याची बायको घाईघाईने मका गोळा करून त्यावर ताडपत्री ओढायला लागले. आमच्यातल्या एका कानडी मित्राने ते पाहिलं. त्याला कारणही कळलं. पण तो गप्प राहिला. पाच वाजता तंबूंतून पाणी वाहू लागलं, सगळ्यांच्या चादरी भिजल्या, वीज जवळ कडाडत होती आणि आम्ही पोरं तंबूचे खांब धरून उभे होतो. रात्री तो म्हणाला, “मला दिसलं होतं रे. पण सीनियरसमोर कोण बोलणार? म्हणतील, घाबरला.”

मला पावसापेक्षा हे वाक्य जास्त लागलं. आपल्यासारख्या शाळेत तक्रार न करणं हा गुण आहे आणि असावाही. पाय दुखतो म्हणून रूट मार्चमध्ये मागे पडायचं नाही, हे मला पटतं. पण ‘ढग वाढतायत’ ही तक्रार नाही, ती टेहळणी आहे. टेहळणी करणाऱ्याने दिसलेलं सांगितलं नाही तर तो शूर ठरतो का?

बेंगळुरूला हे नव्याने सांगायला नको. जून 2024 च्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडमधल्या सहस्रतालच्या वाटेवर 22 जणांचा गट हिमवादळात सापडला. त्यातले बहुतेक कर्नाटकातले होते, एक जण महाराष्ट्रातला. नऊ जण गेले. बाकीच्यांना वाचवायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं गेली. मी त्या वाटेवर नव्हतो, तेव्हा कोणाचं चुकलं हे मी सांगणार नाही. पण एक गोष्ट त्यातून माझ्या डोक्यात बसली आहे. मागे फिरायचं की नाही हे थकलेल्या, भिजलेल्या, गारठलेल्या माणसाला ठरवायला लावणं बरोबर नाही. ते आदल्या रात्री, पोटभर जेवल्यावर ठरवावं. अमुक वाजता, जिथे असू तिथून परत. शिखर हाताच्या अंतरावर असलं तरी.

यावर आमच्या डॉर्मिटरीत लगेच उत्तर आलं, “महाराज पन्हाळ्यावरून भर पावसातच निघाले होते.” खरं आहे, जुलै 1660. पण त्यांच्या मागे सिद्दी जौहरचा वेढा होता. आपल्या मागे फक्त मेसचा उप्पीट. शिवाय पावसाचा त्यांनी उपयोग करून घेतला. पावसाकडे दुर्लक्ष केलं असं कोण म्हणेल? दुसरं उदाहरण नॉर्मंडीचं. 5 जून 1944 ला ठरलेली चढाई जनरल आयझेनहॉवर यांनी एक दिवस पुढे ढकलली, कारण ग्रुप कॅप्टन स्टॅग या हवामान अधिकाऱ्याने वादळाचा इशारा दिला होता. थोडी उघडीप मिळेल हेही त्यांनीच सांगितलं आणि 6 जूनला सैन्य उतरलं. एवढ्या मोठ्या सेनापतीने हवामानवाल्याचं ऐकलं, तर आपल्या क्वार्टरमास्टरने ऐकायला हरकत नसावी.

हवामान कॅडेटने करायचं काय? फोन आपल्याकडे नसतात. पुण्याच्या आयआयटीएमने विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप बनवलं आहे. ते सरांच्या फोनवर असावं आणि हवामान विभागाचा त्या दिवसाचा रंग, पिवळा की नारिंगी की लाल, सकाळी मोठ्याने सांगितला जावा. बाकी काम डोळे आणि घड्याळ करतात. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजायचे, तीनने भागायचं, तेवढे किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की सगळ्यांनी आडोशाला जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. निर्णय सरांचाच, पण हे त्यांच्यापर्यंत पोचवण्याचा हक्क आठवीतल्या मुलालाही हवा. म्हणून ही ड्युटी आळीपाळीने द्यावी, नुसती सीनियरना नको.

आता आडोसा म्हणजे कुठला, हा खरा प्रश्न आहे. तंबू विजेपासून वाचवत नाही, झाडही नाही. सावनदुर्गसारख्या उघड्या खडकावर तर लपायला काहीच नाही. पक्की इमारत नसेल तर पत्र्याच्या छताची, काचा बंद केलेली बस हीच सुरक्षित जागा. आणि आपली बस आपल्याला सोडून दुसऱ्या फेरीला निघून जाते! डिझेल आणि ड्रायव्हरचा भत्ता वाचतो, हे मला माहीत आहे.

कॅम्पच्या आधी पालकांकडे संमतीपत्र येतं. माझी आई फोनवर विचारते, स्वेटर घेतलास का, जेवण कसं असतं. पुढच्या वेळी सही करण्याआधी तिने बस रात्रभर थांबणार आहे का, हे विचारावं असं मी तिला कळवलं आहे. इतर पालकांनीही विचारावं.