अनुत्तरित प्रश्नाचे पथ्य



कुटुंबाच्या आरोग्यासाठी निघणाऱ्या पाक्षिकात खूनसत्रावरील चित्रपटाची चर्चा काहींना अप्रस्तुत वाटेल. तरीही डेव्हिड फिंचर यांचा २००७ सालचा ‘झोडिअ‍ॅक’ हा चित्रपट या वेळी मुद्दाम निवडला आहे. तो प्रथम पाहताना आपले लक्ष मारेकऱ्यावर खिळलेले असते. पुढे काय होणार हे माहीत झाल्यावर तो पुन्हा पाहावा. मग दृष्टी त्याचा शोध घेणाऱ्या माणसांकडे, त्यांच्या झोपेकडे, जेवणाकडे आणि घराकडे वळते.

कथा सत्य घटनांवर आधारलेली आहे. १९६८ व १९६९ या दोन वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एका अज्ञात इसमाने पाच जणांचे प्राण घेतले. दोघे जबर जखमी होऊनही बचावले. हा इसम वृत्तपत्रांना पत्रे धाडी, त्यांत सांकेतिक लिपीतील मजकूर असे, शाळेच्या बसमधील मुलांना मारण्याची धमकीही असे. तो कोण होता, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चे व्यंगचित्रकार रॉबर्ट ग्रेस्मिथ यांनी या प्रकरणाचा अनेक वर्षे पाठपुरावा करून १९८६ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. चित्रपटाचा आधार तेच पुस्तक.

चित्रपट १५७ मिनिटांचा आहे. हत्यांची दृश्ये मात्र पहिल्या तासाभरातच संपतात. उरलेला काळ कागदपत्रे, दूरध्वनी, हस्ताक्षरांची तुलना आणि निष्फळ प्रतीक्षा यांनी व्यापलेला आहे. या काळात चार माणसे एकाच प्रश्नाला चार प्रकारे सामोरी जातात. वार्ताहर पॉल एव्हरी दारूच्या आहारी जाऊन वृत्तपत्रापासून दुरावतो. पोलीस निरीक्षक डेव्ह टॉस्की या प्रकरणाचे ओझे वाहता वाहता थकून जातो. ग्रेस्मिथच्या घरात कागदांचे ढीग साचतात, मुलेही त्या कामाला जुंपली जातात आणि अखेर पत्नी मुलांना घेऊन निघून जाते. चौथा बिल आर्मस्ट्राँग, टॉस्कीचा सहकारी. मुलांना मोठे होताना पाहायचे आहे, असे सांगून तो या विभागातून बदली मागून घेतो. पहिल्यांदा पाहताना हा प्रसंग सहज निसटून जातो. पुन्हा पाहताना मात्र तोच मनात रेंगाळतो. कारण प्रश्न अनुत्तरित असतानाच घरी परतणारा तो एकटाच आहे.

मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये असे निरीक्षण मांडले होते, की पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेले काम अधिक स्मरणात राहते. नंतरच्या सर्वच प्रयोगांत हे आढळले नाही. पण अपुऱ्या प्रश्नाची टोचणी कशी असते, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एक फाइल असते. कुणाच्या दुखण्याचे निदान चार तपासण्यांनंतरही होत नाही. कुणाचे वडील अचानक गेले आणि ‘वेळीच दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले असते तर?’ हा विचार पाठ सोडत नाही. रात्री सारे निजल्यावर मोबाइलवर पुन्हा तीच लक्षणे आणि तेच अहवाल चाळले जातात. शोध घेणे हा दोष नव्हे. दुसऱ्या वैद्यकीय मतामुळे योग्य निदान झाल्याची उदाहरणे आहेत. मात्र नवी माहिती हाती येत नसतानाही तेच तेच घोळवत राहिल्याने झोप उडते, भूक मंदावते आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे खुंटते.

याचे पथ्य साधे आहे. प्रश्न आणि त्यासाठी उचलायचे पुढचे नेमके पाऊल वहीत लिहून ठेवावे: कोणाला, कधी, काय विचारायचे. अपुऱ्या कामाची निश्चित योजना आखली, की त्याचे विचार मनात कमी घुसतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले आहे. शोधासाठी दिवसातील ठरावीक वेळ राखावी; जेवणाचे ताट आणि अंथरूण या दोन जागी त्याला थारा देऊ नये. घरातील दुसऱ्या कुणाला त्यात सहभागी करावे, पण मुलांना नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक वा कामकाज विस्कळीत राहिले, तर डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते.

चित्रपट पाहणार असाल, तर तो लहान मुलांसमवेत पाहू नये. प्रौढांनीही संध्याकाळी लवकर पाहावा, म्हणजे निजण्यापूर्वी त्यावर बोलायला अवधी मिळेल. ज्यांच्या घरी एखादा आघात ताजा आहे, त्यांनी तूर्त तो टाळावा.

या प्रकरणाचा एक उत्तरार्ध चित्रपटात नाही, कारण तो पुढे घडला. नोव्हेंबर १९६९ मध्ये पाठविलेला ३४० चिन्हांचा संदेश तब्बल ५१ वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये उलगडला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियम येथील तिघांनी मिळून ते साधले. संदेशात मारेकऱ्याचे नाव मात्र नव्हते. वाट पाहिलेले उत्तर हाती आले तरी ते आपल्याला हवे तेच असेल, असे नाही. तोवरचे दिवस कसे गेले, घरात कोण कोणाशी किती बोलले, याचा हिशेब मात्र आपल्याकडेच राहतो. आपल्या घरी अशी फाइल असेल, तर आज रात्रीपुरती ती कपाटात ठेवावी आणि जेवायला सर्वांनी एकत्र बसावे.