जुन्या जीपचं वय आणि तिची वही

सरकारी खात्याच्या वाहनाला १५ वर्षं पूर्ण झाली की त्याची नोंदणी संपते आणि ते नोंदणीकृत भंगार केंद्रातच जातं, हा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची खास वाहनं तेवढी त्यातून वगळली आहेत. शहरातल्या वाचकाला यात काही विशेष वाटणार नाही. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या डोंगरी तालुक्यात मात्र या नियमाने एक जुनी वाट बंद केली. वन, पाटबंधारे, पंचायत समिती अशा खात्यांच्या निर्लेखित डिझेल जीपा लिलावात निघत, कुणी शेतकरी किंवा मिस्त्री त्या उचलत आणि अंगणातल्या झाडाखाली सवडीसवडीने पुन्हा चालत्या करत. आता इस्लापूर, हिमायतनगर, माहूर या पट्ट्यात फोर-व्हीलची जी जुनी डिझेल जीप खाजगी मालकाकडे उरली आहे, तिच्या जोडीला सरकारी आवारातून दुसरी येणार नाही. आहेत त्या टिकवायच्या की वय झालं म्हणून मोडीत काढायच्या? माझं म्हणणं असं की वाहनाचा निवाडा त्याच्या जन्मसालावरून न होता आजच्या अवस्थेवरून व्हावा. पण ही मागणी करणाऱ्या मालकाकडे त्या अवस्थेचा पुरावा हवा, आणि तो घरच्या देखभालीतून आणि तिच्या लेखी नोंदीतूनच उभा राहतो.

आधी कायदा पाहू, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. खाजगी गाडी १५ वर्षांनी बाद होते, असं चहाच्या टपरीवर ठामपणे सांगितलं जातं. तसं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खाजगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, आणि वाहन तपासणीत उतरलं तर ती पुढे ५-५ वर्षांनी वाढवून मिळते. १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली ती दिल्ली परिसरात, हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशाने, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. दिल्लीची हवा आणि तिथली वाहनांची दाटी यांवरचा तो उपाय होता. महाराष्ट्राला तो लागू नाही. आपल्याकडे वयाचा भार पडतो तो पैशांतून. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या हलक्या वाहनांसाठी ते १०,००० रुपयांवर गेलं. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. या रकमांवर माझा आक्षेप एवढाच आहे की काळा धूर ओकणारी जीप आणि जिचं इंजिन, ब्रेक, चासी मालकाने जिवापाड जपले आहेत ती जीप, दोघींना एकच आकडा भरावा लागतो.

आता ही गाडी या भागात टिकली का, ते बघा. ऐंशीच्या दशकात महिंद्राने प्यूजोच्या परवान्याचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन बसवून एमएम ५४० आणली. विलीजच्या जुन्या रचनेवरची, चारही बाजूंना पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पुढचा हौदा (अ‍ॅक्सल) जोडण्या-सोडण्यासाठी वेगळा लिव्हर. मृगाचा पाऊस पडला की पैनगंगेच्या खोऱ्यातली काळी माती चाकाला अशी धरते की दोन चाकांवर ओढणारी गाडी जागच्या जागी घिरट्या घालते. ६.०० बाय १६ चा अरुंद टायर वरचा चिखल कापत खालच्या कडक थरापर्यंत पोचतो, आणि लो गिअरमध्ये इंजिन न गुरगुरता पाणंद पार करतं. आजारी माणूस, खताची पोती, कापसाची बोंदरी, पंपाची मोटर हे सगळं वाडी-तांड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं तर ही सोय आजही कामाची आहे. ट्रॅक्टर आहेच, पण आजाऱ्याला कुणी ट्रॉलीत झोपवून आनंदाने नेत नाही.

दुरुस्तीला हात घालणारे बहुतेक मालक रंगापासून सुरुवात करतात, आणि तिथेच बरेचसे पैसे संपतात. क्रम नेमका उलटा हवा. पहिली चासी. तिच्या कमानींच्या आत साचलेला चिखल खरवडून काढायचा, पाट्यांच्या पिना आणि शॅकल जिथे बसतात तिथला पत्रा हातोडीने ठोकून पाहायचा. ठणठण आवाज आला तर ठीक, भद्द वाजला तर आत गंज आहे. मग ब्रेक. मग स्टिअरिंगचे एन्ड आणि किंगपिन. मग चाकांचे बेअरिंग. इंजिन त्यानंतर, आणि रंग सगळ्यांत शेवटी. कारण साधं आहे. इंजिन बिघडलं तर जीप जागेवर थांबते, ब्रेक बिघडला तर ती थांबत नाही. ब्रेकच्या तेलात हवेतला ओलावा मुरतो, त्याने व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि रबरी वायसर चिकटतात, म्हणून ते तेल दर दोन वर्षांनी पूर्ण काढून नवं भरावं. पातळी खाली गेली की वरून ओतत राहायचं, ही आपल्याकडची सवय गळती लपवते.

या भागात ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातं ती म्हणजे पाणी. नाला ओलांडताना अ‍ॅक्सलचं तापलेलं हाऊसिंग गार पाण्यात बुडतं. आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून, बुजलेल्या ब्रीदरच्या कडेने पाणी आत ओढून घेते. बाहेरून काहीच कळत नाही. क्राऊन-पिनियन त्या पाणीमिश्रित तेलात महिनाभर फिरले की दातांवर खड्डे पडतात आणि दसऱ्याच्या सुमारास मागून हुं-हुं आवाज सुरू होतो. तोवर खर्च हजारांत गेलेला असतो. उपाय पाण्यातून आल्यावर त्याच आठवड्यात करायचा: जीप रात्रभर उभी ठेवून सकाळी दोन्ही हाऊसिंग आणि ट्रान्स्फर केसचे खालचे बूच जरासे ढिले करायचे आणि वाटीभर तेल काढून पाहायचं. आधी पाणी आलं किंवा तेल दुधाळ दिसलं तर सगळं बदलायचं. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि पाट्यांच्या पिना यांना ग्रीस मारायचं ते जुनं मळकट ग्रीस बाहेर पडेपर्यंत. पाण्यातून निघाल्यावर थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायचं, म्हणजे ड्रम सुकतात. आणि पुढचा हौदा डांबरी रस्त्यावर जोडून ठेवायचा नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, या गाडीत तो फरक सोसायला मधे डिफरन्शिअल नसतं, आणि सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस आणि गिअरवर येतो. चिखलात चाक घसरतं म्हणून पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही. या गाड्यांचे ट्रान्स्फर केस अकाली गेले, त्यांतले पुष्कळसे या एका सवयीने गेले असावेत, असं मला वाटतं.

यातलं कुठलंही काम घरी जमण्यासारखं आहे. पाने, जॅक, ग्रीस गन, गाडीखाली ठेवायला भक्कम लाकडी ठोकळे आणि धीर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, हे मात्र शंभर वेळा सांगितलं तरी कमीच. घरचं काम कुठे थांबवायचं तेही ठरलेलं हवं. डिझेल पंप आणि नोझल यांना अंगणात हात लावू नये. नोझल किती दाबाला उघडतो आणि फवारा कसा पडतो हे टेस्ट बेंचवरच कळतं. पंपाचा स्क्रू फिरवून ‘पिकअप’ वाढवून देणारा मिस्त्री मालकाला खूश करतो आणि गावाला धूर देतो. घरच्याने डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा, त्यातलं पाणी सोडावं, लाइनमधली हवा काढावी, एअर क्लीनर धुवावा, व्हॉल्व्हचं सेटिंग शिकून घ्यावं. पंप नांदेडला न्यावा आणि येताना बेंचवरचे आकडे लिहून आणावेत.

इथे सर्वांत जड आक्षेप समोर येतो. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये नि:संदिग्धपणे जाहीर केलं. जुन्या जीपला काजळी अडवणारा फिल्टर नाही. दर किलोमीटरमागे ती नव्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त घाण करते. यातलं एक अक्षरही मी नाकारत नाही. जंगल आहे, हवा मोकळी आहे, मग धुराने काय होतं, हा युक्तिवाद तर मला मुळीच मान्य नाही, कारण धूर सर्वांत आधी दारातल्या लेकरांच्या छातीत जातो. तरीही दोन गोष्टी मोजायला हव्यात. पहिली इंधनाची. ही इंजिनं बनली तेव्हाच्या डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण हजारो पीपीएम होतं, २०१० च्या दशकातल्या बीएस-४ इंधनात ते ५० झालं आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर १० आहे. म्हणजे तीच जीप आज तिच्या तरुणपणापेक्षा स्वच्छ तेल पिते. नव्या डिझेलने जुने पंप झिजतात ही भीतीही अर्धवट आहे. वंगणगुणाची किमान पातळी भारतीय मानकात ठरवलेली आहे आणि रिफायनऱ्या त्यासाठी द्रव्य मिसळतात. जुनी रबरी सीलं मात्र आकसून पाझरतात, ती बदलावीत. दुसरी गोष्ट एकूण धुराची. तो दर किलोमीटरच्या धुराला वर्षभराच्या किलोमीटरांनी गुणून ठरतो. वर्षातून थोडी धावणारी, नोझल नीट असलेली जीप आणि रोज तीन-चार खेपा करणारी काळी-पिवळी यांना वयाच्या एकाच तराजूत तोलणं चूक आहे. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल वाहनाला पीयूसीत २.४५ चा के-आकडा (धुराच्या काळेपणाचं माप) चालतो. मालकाने त्याच्या बरंच खाली राहण्याची जिद्द धरावी, आणि आकडा चढू लागला की सहा महिन्यांची वाट न पाहता नोझल बेंचवर तपासून घ्यावेत.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, दरवाजे कॅनव्हासचे. खरं आहे. म्हणून ही गाडी नांदेड-हैदराबाद रस्त्यावर वेगात पळवण्यासाठी नाही, आणि तिच्यात पंधरा माणसं कोंबण्यासाठी तर नाहीच. सीटबेल्ट बसवून घ्यावेत. पण धोका वाढवतात ते अनेकदा मालकच. रुंद टायर, उंच केलेले पाटे, भलतंच इंजिन, कापलेली बॉडी. रुंद टायरचा भार बेअरिंग, अ‍ॅक्सल आणि स्टिअरिंगवर पडतो, आणि उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत असा मूलभूत बदल कलम ५२ प्रमाणे चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. अशी ‘सजवलेली’ जीप तपासणीत नाकारली गेली तर मी तिच्या बाजूने एक ओळही लिहिणार नाही.

अवस्थेचा पुरावा हवा, म्हणून वही. सरकारी जीपला लॉगबुक असायचं, खाजगी झाली की ते सुटतं. शंभर पानी वहीत तारीख, किलोमीटर, काय काढलं, काय बसवलं, कोणतं तेल, पीयूसीचा आकडा, बेंचवरचा नोझलचा दाब एवढं लिहायचं आणि बिलं चिकटवायची. पाच वर्षांची अशी वही वाचली की गाडी कुठल्या वाटेने चालली आहे ते कुणालाही कळतं. तपासणीच्या दिवशी पुसूनपासून आणलेल्या गाडीवरून ते कळत नाही.

दुसरी बाजू परिवहन खात्याची. इस्लापूरहून नांदेडचं एमएच-२६ चं कार्यालय सुमारे शंभर किलोमीटर. मालकाने १०,००० रुपये भरले तर त्या बदल्यात नुसता शिक्का मिळू नये. प्रत्येक चाकाची ब्रेकची पकड, स्टिअरिंगमधला सैलपणा, धुराचा के-आकडा आणि चासीची अवस्था या चार गोष्टी मोजून त्यांचा छापील कागद मालकाच्या हाती पडावा, आणि दर पाच वर्षांनी जुना कागद नव्याशी ताडून पाहिला जावा. नापास झालेल्याला दुरुस्तीसाठी दोन महिने मिळावेत, पुन्हा नापास झाला तर नोंदणी संपावी. ही तपासणी तालुक्यात लागणाऱ्या कॅम्पमध्येही करता येईल, अशी फिरती यंत्रं आहेत. किनवटच्या कॅम्पपासून सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही.