औषधांचा अभ्यास करणारेच डॉक्टरकडे का जात नाहीत?

परीक्षा तोंडावर आहे, घसा दुखतोय आणि हॉस्टेलमध्ये कुणाकडे तरी ॲझिथ्रोमायसिनची अर्धी स्ट्रिप शिल्लक आहे. अशा वेळी ओपीडीच्या रांगेत कोण थांबणार? एमबीबीएसचे अनेक विद्यार्थी स्वतःच गोळी घेऊन मोकळे होतात. भारतासह अनेक देशांतल्या अभ्यासांमध्ये ही सवय दिसून आली आहे.

यात धोका काय?

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र शिकवतात. औषधांची नावं, डोस, दुष्परिणाम पाठ होतात. पण औषध माहीत असणं आणि आजार ओळखता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पावसाळ्यातला ताप घ्या. आयब्युप्रोफेनने तो उतरतो. पण ताप डेंग्यूचा असेल, तर याच गोळीमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. सर्दी आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, तिथे अँटिबायोटिकचा उपयोगच नसतो. उलट, विनाकारण घेतलेल्या डोसांमुळे जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात.

नियम काय सांगतो?

शेड्यूल एच-मधली औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू झालं. त्यातल्या औषधांसाठी दुकानदाराने डॉक्टर आणि रुग्णाची नावं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ती नोंद तीन वर्षं जपायची असते. झोपेसाठी किंवा चिंतेवर घेतलं जाणारं अल्प्राझोलामही याच यादीत आहे. पण हा नियम दुकानाच्या काउंटरपुरता आहे. सीनियरने लिहून दिलेली चिठ्ठी किंवा मित्राकडची उरलेली गोळी त्यात सापडत नाही.

मग डॉक्टरकडे का जात नाहीत?

फाजील आत्मविश्वास आणि वेळेची टंचाई ही कारणं आहेतच. मानसिक त्रासाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. कॉलेजच्या रुग्णालयात तपासणारे डॉक्टर हेच बऱ्याचदा शिकवणारे आणि परीक्षा घेणारे असतात. ‘मला झोप येत नाही, भीती वाटते’ हे त्यांना कसं सांगायचं? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सने 2024 मध्ये दिलेल्या अहवालात, सर्वेक्षणातल्या 27.8 टक्के एमबीबीएस विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं होतं.

त्यामुळे ‘स्वतः औषधं घेऊ नका’ अशी नोटीस लावून भागणार नाही. विद्यार्थ्याचं नाव शिक्षकांपर्यंत जाणार नाही आणि ड्युटी संपल्यावरही उघडी असेल, अशी ओपीडी हवी. आज स्वतःला न तपासता गोळी घेणारा विद्यार्थी उद्या तुमच्या-आमच्यासाठी चिठ्ठी लिहिणार आहे.